गरजेचं कौतुक, हौसेची चेष्टा

आपल्याकडे हाताने काही घडवायची मुभा दोनच माणसांना आहे. एक, ज्याला त्याचे पैसे मिळतात. दुसरा, ज्याचं घोडं अडलेलं आहे. तिसऱ्या कुणी करवत हातात घेतली की प्रश्न येतो, "कामधंदा नाही का रे तुला?"

मी त्या तिसऱ्यांपैकी. राहणार भोकरदन, जिल्हा जालना. इथून समुद्र रस्त्याने चारशेएक किलोमीटर. गेल्या हिवाळ्यात मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आठ फुटांचा सर्फबोर्ड बनवला. छताखाली ऊन अडवायला घालतात त्या इन्सुलेशन फोमचा गाभा, त्यावर काचेचं फायबर कापड आणि ते बसवायला इपॉक्सी रेझिन. लाटेवर उभं राहून जायची फळी, आणि तीही अशा भागात, जिथे उन्हाळा लागला की लोक टँकरची वाट बघतात.

हसू आलं असेल तर खुशाल हसा. आमच्या गल्लीतही हसले. माझं भांडण त्या हसण्यामागच्या हिशेबाशी आहे. तो हिशेब असा: गरजेपोटी केलं ते कौतुकाचं, हौसेपोटी केलं ते रिकामटेकडेपणाचं. हा हिशेब चुकीचा आहे. आणि त्याची किंमत हौशी माणसापेक्षा गरजू माणूसच जास्त मोजतो.

एकच थर्माकोल, दोन नावं

गंगापूर तालुक्यातलं भिव धानोरा तुम्ही कदाचित मोबाईलवर पाहिलं असेल. जायकवाडीच्या फुगवट्याचं पाणी गावाच्या वाटेत येतं. २०२३ मध्ये तिथली बातमी देशभर फिरली: शाळकरी मुलं थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून सुमारे एक किलोमीटर पाणी ओलांडतात आणि शाळेत जातात. मराठवाड्यात अशा तराफ्याला चप्पू म्हणतात. धरणांच्या पाण्यात मासे धरणारेही तो वापरतात.

अशा व्हिडिओंखाली आपण काय लिहितो, आठवून बघा. 'जिद्दीला सलाम.' 'शिक्षणाची तळमळ.' आणि कुणीतरी हमखास, 'देशी जुगाड'. या शब्दाला आता प्रतिष्ठाही आली आहे. २०१२ मध्ये 'जुगाड इनोव्हेशन' नावाचं इंग्रजी पुस्तक आलं आणि मोठमोठ्या कंपन्यांना आपल्या टंचाईतून धडे घ्यायला सांगू लागलं.

त्या मुलांच्या हातातला थर्माकोल आणि माझ्या शेडमधला फोम ही सख्खी भावंडं आहेत. दोन्ही पॉलिस्टायरीन. एकाचे मणी वाफेने फुगवून एकमेकांना चिकटवलेले असतात, तर दुसरा यंत्रातून सलग दाबून काढलेला असतो. पदार्थ एकच, पण पहिल्यावर मूल बसलं की जिद्द, दुसऱ्यावर मी रंधा मारला की वेळेचा अपव्यय. पहिल्यात मूल बुडू शकतं. दुसऱ्यात फार तर माझे आठ हजार रुपये बुडतात. साध्या स्मार्टफोनला यापेक्षा जास्त लागतात. तरी शहाणपणाचा सल्ला मला मिळतो आणि टाळ्या त्या मुलाला. हे उलटं नाही का?

चप्पूला टाळी वाजवणं म्हणजे पूल न बांधणाऱ्याला सुट्टी देणं. जी गोष्ट लाजेची, तिला आपण कौतुकाचं नाव दिलं की पुढे कुणाला काही करावंच लागत नाही.

फळी आणि चप्पू यांत फरक कशाचा

हा फरक पैशाचा नाही. जवळपास सगळा फरक माहितीचा आहे, आणि ती माहिती अवघड नाही.

पॅकिंगचा थर्माकोल पाण्यावर इतका उंच बसतो की त्याचा फार थोडा भाग बुडतो. वर बसलेल्या मुलाचं वजन पाण्याच्या पातळीच्या वर राहतं. तुकडा अरुंद असेल आणि वजन जरा एका बाजूला गेलं, तर सावरायला काही उरत नाही. त्यात मण्यांच्या फटींतून हळूहळू पाणी शिरतं, कडा झिजतात आणि भेग पडली की तुकडा मोडतो. त्याला कातडी नसते, मोडच त्याची तिथे आहे.

सर्फबोर्डची सगळी विद्या या कातडीत आहे. इन्सुलेशनच्या शीट सव्वा मीटर लांब आणि साठ सेंटिमीटर रुंद, पाच सेंटिमीटर जाडीच्या मिळाल्या. अशा चार शीट दोन थरांत चिकटवल्या. गवंडी विटांचा सांधा मोडतो, तसे वरच्या थराचे सांधे खालच्यावर येऊ दिले नाहीत. मधोमध सागाची पातळ पट्टी उभी घातली, म्हणजे फळी वाकून मोडत नाही. मग करवत, रंधा, पॉलिश पेपर. कारखान्यातून येताना शीटला जो गुळगुळीत पापुद्रा असतो तो आधी काढावा लागतो, नाहीतर रेझिन धरत नाही.

त्यानंतरचा प्रश्न रेझिनचा. आपल्याकडे फायबरच्या टाक्या, दारं, मूर्ती बनतात त्या बहुतेक पॉलिस्टर रेझिनमध्ये. ते स्वस्त आणि सहज मिळणारं. पण त्यात स्टायरीन असतं आणि स्टायरीन पॉलिस्टायरीनला विरघळवतं. एका तुकड्यावर मी मुद्दाम चमचाभर ओतून पाहिलं. बघता बघता खड्डा पडला, गरम तव्यावर लोणी ठेवावं तसा. इपॉक्सी हे करत नाही. आणि इपॉक्सी आज भोकरदनमध्येही घरपोच येतं, कारण रेझिन आर्टच्या नावाखाली पोरी त्यात फुलं गोठवून कीचेन विकतात.

इपॉक्सी आणि हार्डनर एकत्र आले की उष्णता निघते. मगभर मिश्रण एकाच भांड्यात ठेवलं तर ते आपल्याच उष्णतेने तापून झटकन घट्ट होतं. म्हणून थोडं थोडं कालवायचं, पसरट भांड्यात घ्यायचं. आमच्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हे काम करणं म्हणजे भांडण विकत घेणं. म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी निवडल्या. हातात मोजे, तोंडावर मास्क. हार्डनर कातडीला बाधतो आणि घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसाला.

शेवटी फळी भरली सहा किलो. तिचा आकार साठेक लिटरचा. म्हणजे पूर्ण बुडवली तर ती साठ किलो पाणी बाजूला सारते. त्यातले सहा तिचे, चोपन्न तुमचे. माणूस पाण्यात स्वतःही बराचसा तरंगतो, त्यामुळे पालथं पडून हाताने वल्हवायला एवढं भरपूर झालं.

यातली एकही गोष्ट दहावीच्या विज्ञानापलीकडची नाही. पण एकही गोष्ट मला शाळेत हाताने करायला मिळाली नव्हती. आर्किमिडीजचा सिद्धांत आम्ही पाच मार्कांसाठी पाठ केला. थर्माकोल किती वजन पेलतो हे एकदा तरी बादलीत दाबून बघा, असं कुणी म्हणालं नाही.

गरज आई असेल, पण वाढवते कोण?

'गरज ही शोधाची जननी' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते खरं वाटतं. अर्धंच खरं आहे. गरज घाईत असते. ती पहिला जमणारा उपाय उचलते आणि तिथेच थांबते, कारण तिला शाळेची घंटा गाठायची असते. दुसऱ्यांदा करून बघायला, मुद्दाम मोडून बघायला, कडा थोडी गोल केली तर काय होतं हे तपासायला तिच्याकडे वेळ नसतो. तो वेळ हौसेकडे असतो.

सर्फबोर्डचा इतिहासच घ्या. हवाईच्या लोकांनी लाकडाच्या फळ्यांवर लाटा घेतल्या, त्या कुठे पोचायला नव्हे. एकोणिसाव्या शतकात तिथे गेलेल्या अमेरिकी मिशनऱ्यांना तो आळस वाटला. म्हणजे 'कामधंदा नाही का' हा प्रश्न भोकरदनच्या आधी होनोलुलूत विचारून झालाय. १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात बॉब सिमन्स नावाच्या माणसाने वेगवान बोटींच्या तळाचं गणित वाचून ते फळ्यांना लावलं. त्याने पॉलिस्टायरीनचा गाभा वापरून पाहिला. पण त्या काळचं रेझिन फोमला खायचं, म्हणून त्याने फोमवर प्लायवूडचं आवरण घातलं आणि मग फायबर. १९५८ च्या सुमारास होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोम वापरात आणला, जो पॉलिस्टर रेझिनने विरघळत नाही. पुढे क्लार्कचा कारखाना अमेरिकेतल्या बहुतांश फळ्यांचे गाभे पुरवू लागला, आणि ५ डिसेंबर २००५ ला त्याने तो अचानक बंद केला. त्यानंतर पॉलिस्टायरीन आणि इपॉक्सीच्या जोडीला नव्याने मागणी आली.

यात गरज कुठे होती? एकाचंही पोट त्या फळीवाचून अडलं नव्हतं. गॅरेजमध्ये खेळणारी माणसं होती, आणि त्यांना शेजारच्यांनी खेळू दिलं. फोम, फायबर आणि रेझिन एकमेकांशी कसं वागतात हे जे आज मला एका संध्याकाळी वाचून कळतं, ते कुणीतरी वर्षानुवर्षं 'वाया' घालवल्यामुळे.

रिकामा न्हावी

आपल्याकडे खेळू का देत नाहीत? गरिबी हे एक उत्तर झालं. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. गरीब घरातही वरातीत डीजे लागतो आणि त्याला कुणी उपयोग विचारत नाही. खरं उत्तर आपल्या भाषेतच पडलेलं आहे: रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. ही म्हण कुणावर हसते बघा. हातात कसब असलेल्या माणसावर, गिऱ्हाईक समोर नसताना त्याचा हात चालला म्हणून.

बलुतेदारीत कारागिराचा हात गावाचा होता. सुताराने तिफण करायची, लोहाराने फाळ शेवटायचा आणि सुगीला आपला वाटा घ्यायचा. स्वतःच्या मनाचं काही घडवायला त्याला ना वेळ होता ना मुभा. हौस करायची ती वतनदाराने, आणि तीही कारागिराच्या हातून करवून घ्यायची. 'हौसेला मोल नसतं' असं आपण म्हणतो ते मोल मोजू शकणाऱ्यांबद्दल. बलुतं गेलं, पण ही विभागणी गेली नाही. शिकलेल्या माणसाने हात काळे करू नयेत आणि हात काळे असलेल्याने डोकं चालवू नये, ही शिस्त अजून घरोघरी शिकवली जाते.

माझ्या शेडमध्ये जितके लोक डोकावले त्यांतल्या बहुतेकांनी विचारलं, "काहून करायला रे हे? नेणार कुठं?" एकच माणूस वेगळं बोलला. गल्लीतले सुतारकाका, वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी फळीच्या एका टोकाशी डोळा लावून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाकाची बाक थोडी कमी पडती. पाण्यात शेंडा घुसंल ना." समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. पण उपयोग न विचारता वस्तूला काय हवंय हे विचारणारा तो एकटाच माणूस होता. मग त्यांनी स्वतःचा रंधा आणला आणि फोमवर तो किती हलका धरायचा ते दाखवलं. आयुष्यभर तिफणी आणि गाड्या केलेल्या माणसाला त्या दिवशी दुपारच्या चहाची आठवण राहिली नाही. त्या हातांना स्वतःसाठी काही करायची मुभा असती तर त्यांनी काय काय केलं असतं, हा प्रश्न मला माझ्या फळीपेक्षा मोठा वाटतो.

समुद्र इथे येऊन गेलाय

'जिथे समुद्र नाही तिथे हे कशाला' असं म्हणणाऱ्यांना आपल्याच गावाची माहिती नाही. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत या गावच्या लोकांचा उल्लेख येतो. १९७३ मध्ये शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन झालं, तेव्हा केळना नदीकाठच्या मातीतून सातवाहन काळातलं गजबजलेलं कारागिरांचं गाव वर आलं. मणी निघाले, हस्तिदंताच्या वस्तू निघाल्या, शंखाच्या बांगड्या निघाल्या. शंख केळनेत होत नाही. तो समुद्रातून आला आणि त्याचं काय करायचं हे इथल्या माणसांना माहीत होतं.

इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते शहर गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीची. भोकरदनला तिच्याशी साम्य असलेल्या मूर्तीचा भाग मिळाला, म्हणून ती याच भागात घडली असावी असं काही अभ्यासक मानतात. ती आरशाची मूठ होती की छोट्या मेजाचा पाय, यावर आजही चर्चा चालते. पण आरशाच्या मुठीला किंवा मेजाच्या पायाला एवढे दागिने आणि दोन्ही बाजूंना दासी कोरायची गरज काय होती? गरज कसलीच नव्हती. कुणाची तरी हौस होती आणि कुणाच्या तरी हातात ती पुरी करण्याची ताकद होती. आज आपण गावाचा अभिमान सांगतो तो याच बिनगरजेच्या वस्तूवरून.

आक्षेपांची उत्तरं

पहिला आक्षेप: हे प्लास्टिक आहे. खरं आहे. फोमचा भुगा मातीत आणि पाण्यात गेला तर कुजत नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्राने थर्माकोलच्या ताटवाट्या आणि सजावट यांवर बंदी आणली ती योग्यच होती. म्हणून रंधा बंद शेडमध्ये चालला, भुगा रोज झाडून पोत्यात भरला, एक पोतं भरलं. पण एकदा जेवून फेकायचं ताट आणि दहा-वीस वर्षं टिकावी म्हणून केलेली वस्तू यांना एकाच मापाने मोजू नका. टिकाऊ बनवायला शिकणं हाच फेकाफेकीवरचा खरा उतारा आहे.

दुसरा आक्षेप: वेळ. दीड महिना गेला. आमच्या तालुक्यात, तुमच्याही, अभ्यासिकांमध्ये पोरं चार-चार, पाच-पाच वर्षं बसून आहेत. जागा थोड्या, अर्ज लाखांत. मी त्यांना हसत नाही, त्यांच्यातच माझे मित्र आहेत. पण पाच वर्षांच्या त्या बसण्याला कुणी वाया म्हणत नाही आणि दीड महिन्याच्या घडवण्याला लगेच म्हणतात. परीक्षा हुकली तर हातात काय राहतं, हे विचारणंही आपल्याला अशुभ वाटतं.

तिसरा आक्षेप, सगळ्यांचा लाडका: उपयोग काय? याचं एक उत्तर माझ्याकडे आहे आणि ते ऐकल्यावर लोक गप्प बसतात. मराठवाड्यात जागोजागी शेततळी झाली. आत प्लास्टिकचं अस्तर असतं, ते शेवाळाने निसरडं होतं, उतार तीव्र असतो. पडलेल्या माणसाला पोहता येत असलं तरी वर चढायला धरायला काही मिळत नाही. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात, बहुतेक वेळा मुलांच्या. मित्राच्या शेततळ्यात, कमरेला दोर बांधून मी फळी तपासली. काठावरून दोन जण दोर धरून उभे होते आणि फळीने मला आरामात पेललं. दोर बांधलेली अशी एखादी तरंगती वस्तू प्रत्येक शेततळ्याच्या काठाला असायला हवी. साधी हवा भरलेली ट्यूब आणि पक्का दोर असला तरी चालेल. हे आजच करा, माझ्या फळीची वाट बघू नका.

पण या उत्तराआड मी लपणार नाही. फळी कुणाला वाचवण्यासाठी केलेली नाही. लाटेवर उभं राहून बघायचंय म्हणून केली. तिने अजून लाट पाहिलेली नाही, पाहील. प्रत्येक हौसेला समाजसेवेचं प्रमाणपत्र चिकटवूनच बाहेर काढायचं असेल, तर ती हौस उरत नाही, अर्ज होतो.

मग करायचं काय

भिव धानोऱ्यासारख्या प्रत्येक गावाला पूल किंवा रीतसर बोट मिळायला हवी. ते सरकारचं काम आहे. तिथल्या मुलांच्या जिद्दीबद्दल एक शब्दही न बोलता ते मागा. पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला की 'सलाम' लिहू नका. 'पूल कुठे आहे?' एवढंच लिहा.

दुसरी मागणी छोटी आहे. शाळांत अटल टिंकरिंग लॅब आल्या, त्या सहावी ते बारावीसाठी. बारावी संपली की पुढे? तालुक्यांमध्ये आयटीआय आहेत, तिथे लेथ आहे, वेल्डिंग आहे, सुतारकामाची बाकं आहेत. ही वर्कशॉप संध्याकाळी तीन तास गावासाठी उघडी ठेवा. शिकवायला सुतारकाकांसारखी माणसं बोलवा आणि त्यांना मानधन द्या. दारावर एकच नियम लावा: काय बनवतोयस असं विचारायचं, कशाला बनवतोयस असं विचारायचं नाही.

तिथे दहा पोरं दहा निरुपयोगी गोष्टी करतील. एखादी पोरगी उडणारं काहीतरी करेल, ते उडणार नाही. कुणी होडी करेल. पण त्या दहांना फोम, लाकूड, लोखंड, रेझिन हाताने ओळखता येईल, आणि उद्या खरंच कुणाचं अडलं तर तालुक्यात चप्पूपेक्षा बरं काही सुचवणारं माणूस असेल. नाही अडलं, तरी त्यांची संध्याकाळ चांगली गेलेली असेल. भोकरदनच्या पोरांना एवढंही मिळू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी स्वतःच्या हौशींचा उपयोग सांगावा.